घरच्या काचपेटीतले थंड पाण्याचे लहान मासे



आजचा विषय जरा वेगळा आहे. द्राक्षाची छाटणी नाही, गव्हावरचा तांबेरा नाही, कांद्यावरचे फुलकिडेही नाहीत. घरात ठेवायच्या काचपेटीतल्या माशांबद्दल आज बोलायचं आहे. ‘‘साहेब, शेतीच्या कार्यक्रमात हे काय काढलं?’’ असं कोणी म्हणेल. पण निफाड-दिंडोरी भागात कामानिमित्त घरोघर जाणं होतं, तेव्हा बैठकीच्या खोलीत काचेची पेटी आता बऱ्याच ठिकाणी दिसते. मुलांनी हट्ट केलेला असतो, वडिलांनी नाशिकहून पेटी आणि पिशवीभर मासे आणलेले असतात. पंधरा दिवसांनी त्याच घरी जावं तर पेटी कोरडी, तळाशी रंगीत खडे आणि पेटीत मुलांच्या वह्या ठेवलेल्या. ‘‘मासे आठवडाभर टिकतात, मग जातातच,’’ असा एक समज गावोगाव पक्का झाला आहे.

हा समज खरा नाही. आज ज्या माशांबद्दल सांगणार आहे ते नीट ठेवले तर तीन-साडेतीन वर्षं जगतात. ते आठ दिवसांत मरतात, तेव्हा दोष माशाचा नसतो आणि बहुतेक वेळा दुकानदाराचाही नसतो. पेटीतलं पाणी तयार झालेलं नसतं. शेतकऱ्याला ही गोष्ट दुसऱ्या कोणापेक्षाही लवकर कळेल, कारण या पाण्यात जे घडतं ते आपल्या जमिनीत रोज घडत असतं. ते पुढे सांगतो. आधी मासा कोणता घ्यायचा ते पाहू.

पहिल्यांदा पेटी मांडणाऱ्यानं झेब्रा डॅनिओ घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात त्याला नुसतं ‘झेब्रा’ म्हणतात. चार सेंटिमीटरच्या आसपास लांबी, अंग सडपातळ, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत निळसर व सोनेरी पट्टे. गोल्डफिशसारखा तो डोळ्यांत भरत नाही, म्हणून गिऱ्हाईक त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातं. पण मासा आपल्याच देशातला आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, बांगलादेशात, नेपाळात ओढ्यांच्या कडेला, संथ पाण्यात आणि भातखाचरांत तो राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं गंगेच्या माशांवर पुस्तक लिहिलं, ते १८२२ साली निघालं. त्यात या माशाची पहिली शास्त्रीय नोंद आहे. ‘डॅनिओ’ हे नाव बंगालीतल्या ‘धानी’वरून आलं. धानी म्हणजे धानाच्या शेतातला. तेव्हा शेतीच्या कार्यक्रमात त्याला जागा द्यायला हरकत नसावी.

भातखाचरातला मासा म्हटल्यावर त्याचा काटकपणा आपोआप समजतो. खाचरातलं पाणी रात्री गार होतं, दुपारी तापतं. झेब्रा हे सगळं सोसतो. घरच्या पेटीत १८ ते २६ अंश सेल्सिअस पाण्यात तो खुशाल असतो. हिवाळ्यात पारा आणखी दोन-तीन अंश उतरला तर तो सुस्त होतो, कमी खातो, इतकंच. निफाडला थंडीत बाहेर पारा चार-पाच अंशांवर येतो, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पण घरात, भिंतीच्या आत, पेटीतलं पाणी इतकं खाली जात नाही. म्हणून या माशाला हीटर लागत नाही. दुकानदार सवयीनं हीटर हातात देईल, तो घेऊ नका. एक खर्च वाचला आणि लाइटच्या बिलातही भर नाही.

थंड पाण्याचा आणखी एक फायदा आहे. पाणी जितकं गार, तितका त्यात प्राणवायू जास्त मावतो. १० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम, २० अंशांना सुमारे ९ आणि ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे पाणी तापलं की मासा जास्त धापा टाकतो आणि त्याच वेळी पाण्यात प्राणवायू कमी असतो. दोन्ही बाजूंनी मार. उन्हाळ्यात मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात ते याचमुळे.

याच जातकुळीचा दुसरा मासा म्हणजे व्हाइट क्लाउड. हा चीनचा. ग्वांगझू शहराजवळ पांढऱ्या ढगांचा डोंगर अशा अर्थाच्या नावाचा एक डोंगर आहे, तिथल्या ओढ्यातून तो १९३२ साली जगाला माहीत झाला. झेब्रापेक्षा शांत, अंगावर एक चमकदार रेघ, शेपटीला लाल ठिपका. त्याच्या मूळ डोंगरावर १९८० नंतर बरीच वर्षं तो कोणाला दिसला नाही, जगभरच्या काचपेट्यांत मात्र भरपूर आहे. त्याला १६ ते २२ अंश पाणी मानवतं. महाबळेश्वर-पाचगणीला किंवा घाटमाथ्यावरच्या गार गावात राहणाऱ्यानं तो जरूर ठेवावा. जळगाव, अकोला, नांदेडकडच्या श्रोत्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. मे महिन्यात तिथं पेटीतलं पाणी तिशीच्या पुढे जातं आणि हा मासा ते सोसत नाही.

आता दुकानात गेल्यावर काय होतं ते पाहा. मुलगा म्हणतो, यातला एक, त्यातला एक, तो लाल एक. दहा माशांच्या दहा जाती पिशवीत घालून आपण घरी येतो. इथं पहिली चूक होते. झेब्रा आणि व्हाइट क्लाउड हे घोळक्यानं राहणारे मासे आहेत. मेंढ्यांच्या कळपातली एक मेंढी दावणीला बांधली तर ती दिवसभर ओरडते, चारा टाकते. मासा ओरडत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. एकटा मासा कोपऱ्यात दडतो, पंख अंगाशी मिटून घेतो, रंग फिका पडतो, खाणं कमी होतं. आणि दोन-तीनच ठेवले तर वेगळी गंमत. त्यांतला एक दादा होतो आणि उरलेल्यांचा सतत पाठलाग करतो. आठ-दहा असले की हीच दांडगाई सगळ्यांत वाटली जाते आणि कोणा एकाच्या जिवावर येत नाही.

घोळक्यानं राहण्याचं कारण साधं आहे. बगळा किंवा मोठा मासा समोर आला तर एकसारख्या दहा अंगांतलं नेमकं एक टिपणं त्याला अवघड जातं. माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेषा असते. तिच्यातून शेजारच्या माशानं पाणी हलवलं की त्याला लगेच समजतं. डोळे आणि ही रेषा, दोन्हींच्या जोरावर सगळा घोळका एकदम वळतो. संध्याकाळी पेटीसमोर बसून हे वळणं पाहावं. लहान मूल तर सोडाच, शेतावरून थकून आलेला माणूससुद्धा अर्धा तास हलत नाही. तेव्हा एका जातीचे निदान आठ, जमलं तर दहा-बारा घ्या. दहा जातींचा एकेक मासा घेऊ नका.

पेटी कशी असावी? हे मासे सतत पळणारे आहेत, त्यांना उंचीपेक्षा लांबी हवी. बाटलीसारखी उभी किंवा गोल भांड्यासारखी पेटी यांच्या कामाची नाही. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी पेटी दहा-बारा माशांना पुरते. वर दोन बोटं जागा सोडली तर तिच्यात ४७ लिटरच्या आसपास पाणी बसतं. काच, वाळू आणि पाणी धरून वजन युरियाच्या भरल्या पोत्याहून जास्त होतं, म्हणून डुगडुगतं टेबल किंवा टीव्हीची जुनी ट्रॉली नको. खाली थर्मोकोलचा तुकडा पसरा, म्हणजे खडा राहिला तरी काच तडकत नाही. आणि वर झाकण हवंच हवं. झेब्रा उडी मारतो. सकाळी जमिनीवर सुकलेला मासा सापडतो तेव्हा लोक मांजरावर आळ घेतात.

खिडकीच्या उन्हात पेटी ठेवू नका, पाणी तापेल आणि काच शेवाळानं हिरवी होईल. चुलीजवळ किंवा स्वयंपाकघरातही नको, फोडणीच्या तेलाचा तवंग पाण्यावर बसतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मासा खातो आणि त्याच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो, बराचसा थेट कल्ल्यांतून. उरलेलं खाणं सडलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. हा अमोनिया माशाला विष आहे. आता आपण शेतात युरिया टाकतो तेव्हा काय होतं? युरियाचा अमोनिया होतो, जमिनीतले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि ते पीक उचलतं. नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर ही नावं शेतकी शाळेत गेलेल्यांनी पाठ केलेली असतील. त्यांचेच भाऊबंद काचपेटीत काम करतात. वाळूवर, काचेवर आणि सगळ्यांत जास्त फिल्टरच्या स्पंजवर ते वस्ती करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला घातक. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात चालून जातं.

नव्या पेटीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती पुरेशी वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. आपण मात्र सकाळी पेटी आणतो, दुपारी पाणी भरतो, संध्याकाळी बारा मासे सोडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, मासे वर येतात आणि आठवड्यात संपतात. पाणी आरशासारखं स्वच्छ असलं तरीही हे होऊ शकतं, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. चोपण जमिनीत युरिया वर टाकला तर त्याचा अमोनिया होऊन हवेत उडतो, म्हणून तो मातीआड करा असं आम्ही सांगतो. जमिनीचा सामू जास्त असला की अमोनिया वायुरूपात सुटतो. पेटीतही तोच नियम. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला की एकूण अमोनियातला विषारी वाटा सुमारे दहापट होतो. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड, सामू आठच्या आसपासचं. झेब्राला जड पाण्याचा त्रास नाही, पण अशा पाण्यात थोड्याशा अमोनियानंही घात होतो. म्हणून आपल्या भागात पाणी तयार करण्याचा धीर इतरांपेक्षा जास्त धरायला हवा.

मग करायचं काय? पेटीत पाणी भरा, वाळू घाला, हवेच्या छोट्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर सुरू करा आणि मासे न सोडता रोज कणभर मासेखाद्य टाकत राहा. ते सडून जो अमोनिया होईल तोच जिवाणूंचं खाद्य. गावात कोणाची जुनी, निरोगी माशांची पेटी असेल तर तिथला वापरातला स्पंज किंवा मूठभर वाळू ओलीच आणून आपल्या पेटीत टाका. दुधाला विरजण लावतो तसंच आहे हे. विरजण चांगलं असेल तर काम निम्म्या वेळात होतं. वाटेत स्पंज सुकू देऊ नका. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे छोटे संच माशांच्या दुकानात मिळतात, तो एक खर्च मात्र करा. माती परीक्षणाशिवाय खताचा डोस ठरवू नये, तसंच हे. दोन्हींचं माप शून्यावर आलं आणि आठवडाभर तिथंच राहिलं की आधी पाच-सहा मासे आणा. ते रुळले की दोन-तीन आठवड्यांनी उरलेले.

पाणी कुठलं घ्यावं? नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतं. बादलीत उघडं ठेवून एक दिवस जाऊ द्या. ग्रामपंचायतीनं टाकीत टीसीएल पावडर टाकली असेल त्या दिवशीचं पाणी घेऊच नका. बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेही एक दिवस ठेवून उंचावरून बादलीत ओतून मग वापरा. आरओच्या यंत्रातलं पाणी शुद्ध म्हणून भरू नका. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि नुसत्या त्या पाण्यावर मासा धड राहत नाही.

एकदा पेटी लागली की दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी रबरी नळीनं तळातून काढायचं आणि तितकंच मुरवलेलं पाणी भरायचं. काढलेलं पाणी गटारात ओतू नका. त्यात नायट्रेट असतं, तुळशीला आणि परसातल्या मिरचीला घाला. फिल्टरचा स्पंजही याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून घ्या. तो नळाखाली धरला तर क्लोरीननं जिवाणू मरतात. आणि दिवाळीची साफसफाई म्हणून पेटी रिकामी करून साबणानं घासणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, तसं करू नका. पेटी लखलखीत होते आणि महिनाभर जमवलेली वस्ती एका दुपारी मोरीत जाते.

आता फक्त शेतकऱ्याच्याच घरी होणारी एक गोष्ट, शहरातल्या पुस्तकात ही सापडणार नाही. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांकडे गेलो होतो. पेटी सव्वा वर्षाची, अकरा झेब्रे, सगळं व्यवस्थित. आणि एका रात्रीत सगळे गेले.

‘‘साहेब, पाणी बदललं नाही, खाणं तेच, लाइटही गेली नव्हती,’’ ते म्हणाले.

‘‘नाना, काल बागेत काय काम होतं?’’

‘‘फुलकिड्यांवर फवारणी होती की.’’

‘‘आणि घरी आल्यावर पेटीत हात कोणी घातला?’’

नाना थोडे थांबले. घरी येऊन पाय धुतले होते, हात नुसते पाण्याखाली धरले होते, आणि पेटीतली वनस्पती उपटून वर आली होती ती पुन्हा वाळूत रोवली होती.

बंधूंनो, सायपरमेथ्रिनच्या वर्गातली कीटकनाशकं माशाला किती घातक आहेत याची कल्पना आपल्याला नसते. पाण्याच्या अब्जावधी भागांत काही थोडे भाग, इतकं प्रमाणही माशाला मारायला पुरतं. बोटांच्या सांध्यांत राहिलेला अंशही पन्नास लिटर पाण्याला जड जातो. म्हणून फवारणीच्या दिवशी पेटीला हात लावायचा नाही, खाणंसुद्धा घरातल्या दुसऱ्या माणसानं घालायचं. फवारणी करणाऱ्यानं साबणानं आंघोळ करूनच मुलांना आणि जनावरांना हात लावावा हे आम्ही सांगतच असतो.  फवारणीचा पंप, मापाची बादली, औषधांच्या बाटल्या पेटीच्या खोलीत ठेवायच्या नाहीत. पेटीची बादली आणि नळी वेगळी, तिच्यावर रंगानं खूण करा.

बोर्डो मिश्रणातलं मोरचूद हेही माशाचं वैरी. शेततळ्यात शेवाळ झालं म्हणून पुष्कळजण मोरचूद टाकतात. त्या तळ्याचं पाणी किंवा पाणवनस्पती पेटीत आणू नका. घरात डास मारायचा फवारा मारतात त्यातही याच वर्गाची औषधं असतात. फवारा मारायचाच असेल तर आधी हवेचा पंप बंद करा, कारण तो खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. पेटीवर ओलं फडकं घाला आणि खोली मोकळी झाल्यावर पंप पुन्हा सुरू करा. तंबाखू मळलेला हातही पाण्यात घालू नका, निकोटीन हेही एक कीटकनाशकच आहे.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं समजून चाला. दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं, सकाळ-संध्याकाळ. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी बिघडत नाही. पाव, बिस्किट, भात, पोळीचा तुकडा टाकायचा नाही. हे मासे वरच्या थरात खातात, तळाशी गेलेलं बहुधा तिथंच सडतं. डासांच्या अळ्या त्यांना फार आवडतात. चहाच्या गाळणीनं गाळून, स्वच्छ पाण्यात धुऊन मोजक्याच टाका, उरल्या तर चार दिवसांत घरात डास होतील. आरोग्य खातं डासांसाठी वाटतं ते गप्पी मासे वेगळे. ते परदेशी, उबदार पाण्याचे आणि थेट पिल्लं देणारे. झेब्रा अंडी घालतो.

लाइट गेली तर घाबरू नका. पन्नास लिटरला दहा मासे असतील आणि पाणी गार असेल तर पाच-सहा तास काही होत नाही. त्या वेळात खाणं घालू नका. जास्त वेळ लागला तर तांब्यानं पेटीतलंच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओता, दर तासाला दहा-बारा वेळा.

उन्हाळ्यात माठाची युक्ती करा. पेटीच्या तीन बाजूंना ओलं सुती कापड लावा, त्याची खालची कड पाण्याच्या परातीत राहू द्या. झाकणाच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणा आणि पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ द्या. पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फ थेट टाकू नका, एकदम गारठा बसला तर तोही मारतो. उडालेलं पाणी रोज मुरवलेल्या पाण्यानं भरून काढा.

मासे आणताना पिशवी पंधरा-वीस मिनिटं पेटीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं पेटीचं पाणी पिशवीत घाला आणि शेवटी जाळीनं मासे उचलून सोडा. पिशवीतलं पाणी पेटीत ओतू नका. दुकानात पोट खपाटीला गेलेले किंवा पाठीत वाकलेले मासे दिसले तर त्या पेटीतला एकही मासा घेऊ नका. हा क्षयासारखा रोग असू शकतो. त्याचे जंतू माणसाच्या हातावरच्या जखमेतही शिरतात, म्हणून हाताला कापलेलं असताना पेटीत हात नको.

पुष्कळजण विचारतात, ‘‘साहेब, यातून जोडधंदा होईल का?’’ झेब्राची पैदास सोपी आहे हे खरं. मादी पोटानं भरलेली असते, नर सडपातळ आणि जास्त सोनेरी. वीतभरापेक्षा कमी पाण्याच्या भांड्यात तळाला काचेच्या गोट्यांचा थर द्या, संध्याकाळी एक मादी आणि दोन नर सोडा. पहाटे उजेड झाला की अंडी पडतात आणि गोट्यांच्या फटींत जातात. तसं केलं नाही तर आईबापच ती खातात. अंडी पडली की मोठे मासे काढून घ्या. पाणी उबदार असेल तर दोन-तीन दिवसांत पिल्लं निघतात. पोहायला लागली की उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक तलम फडक्यातून गाळून अगदी थेंबभर द्या. एका वेळी शंभरावर अंडी मिळतात. पण विक्री? ती आधी पक्की करा. २०१२ च्या सुमारास इमूपालनाचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. पिल्लं विकणारा सुटला आणि पाळणारा अडकला. ‘पैदास आम्हीच विकत घेऊ’ असं कोणी म्हणालं तर जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा.

आणि मासे वाढले, कंटाळा आला, परीक्षा आल्या म्हणून ते विहिरीत, नदीत किंवा धरणात सोडू नका. पुण्य म्हणूनसुद्धा नको. पेटीतला सकर मासा दक्षिण अमेरिकेतला, काच चाटतो म्हणून लोक आणतात. तो मोठा झाला की कोणीतरी पाण्यात सोडतो. आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, त्याच्या काटेरी अंगानं जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या पेटीवाल्याला.

उलट दिशेनंही काळजी घ्यावी. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या गार ओढ्यांतला ‘मिस केरळ’ नावाचा लाल रेघेचा मासा पेट्यांसाठी इतका धरला गेला की तो आता धोक्यात आलेल्या जातींत मोजला जातो. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या गटाला आपल्या सह्याद्रीवरून ‘सह्याद्रिया’ असं नाव दिलं. तोही घोळक्यानं राहतो, पण वीतभराच्या जवळपास वाढतो आणि आपली दोन फुटी पेटी त्याला पुरत नाही. तो दुकानात दिसला तरी सोडून द्या. झेब्रे बहुतेक ठिकाणी पैदाशीचेच मिळतात.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना मासे हवे असतील तर गणपती गेले की लगेच पेटीत पाणी भरा. मध्ये दीड महिना मिळतो.